शिंकं आणि करवंटी

"इतकं घट्ट कशाला आवळताय, द्वारकाताई? चिमण्या बसायच्यात त्यात, हत्ती नाही."

बकुळावहिनी कुंपणापलीकडून बोलल्या. हातात चहाचा कप, केस अजून विंचरायचे होते, आणि त्यांच्या पेरूला टांगलेल्या करवंटीत, अगदी त्यांच्या डोक्याजवळ, दोन चिमण्या खुशाल दाणे टिपत होत्या. मी मान वर केली नाही. वाखाच्या चार दोऱ्या पायाच्या अंगठ्यात धरून मी गाठ मारत होते. ही गाठ निम्म्यात सोडली तर सगळी वीण पहिल्यापासून घालावी लागते, असं मी त्यांना सांगितलं. खरं तर तसं काही नव्हतं. मला त्यांच्या त्या चिमण्यांकडे बघायचं नव्हतं, एवढंच.

पाडव्याचा दुसरा दिवस होता. आदल्या दिवशी राममंदिरात नवरात्राचं पहिलं कीर्तन झालं होतं, आणि त्या कीर्तनापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं.

आमचं घर देवळाच्या अगदी पाठीला. देवळाच्या ओवरीवर एक खोली होती, तिची खिडकी आमच्या परसाकडे उघडायची. आमच्या म्हणजे दोन्ही परसांकडे, माझ्या आणि बकुळावहिनींच्या. मध्ये मेंदीचं कुंपण, तेही कंबरेएवढं. दर चैत्रात नरहरबुवा कीर्तनाला आले की त्या खोलीत उतरायचे, आणि सकाळी सकाळी खिडकीत बसून गवती चहा प्यायचे. मी तुळशीला पाणी घालताना वर बघून हात जोडायची, ते मान लववायचे. वर्षाचे ते दहा दिवस मला दिवाळीपेक्षा मोठे वाटत.

कीर्तनाचं मला पहिल्यापासून वेड. बुवांनी उपरणं सावरलं की पूर्वरंग कुठल्या अंगानं जाणार ते मला कळायचं. त्यांनी स्वतः रचलेल्या साक्या, दिंड्या मला तोंडपाठ होत्या, आणि ऐकताना माझे ओठ आपोआप हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. आमचे हे त्यावरून मला फार छळायचे. म्हणायचे, बुवा कीर्तन वाढतात आणि तू ते समोर बसून चघळतेस. मी लक्ष द्यायची नाही. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत, व्यासपीठाच्या अगदी समोर, माझी जागा ठरलेली होती. तिथं दुसरं कुणी बसत नसे.

आणि बुवांची एक रीत होती. शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात, उत्तररंग संपता संपता ते गावातल्या एका माणसाचं नाव घ्यायचे. एकाच. त्या माणसानं केलेली कुठलीशी साधी गोष्ट सांगायची, ती आख्यानात अशी बसवायची की जणू ती रामरायाच्याच दरबारात घडली, आणि मग नाव घेऊन झांज वाजवायची. सगळा सभामंडप त्या माणसाकडे वळून बघायचा. एका वर्षी त्यांनी कासारआळीतल्या सोनाबाईचं नाव घेतलं. तिनं टंचाईत आपला आड सगळ्या आळीला मोकळा ठेवला होता. सोनाबाई जाऊन काळ लोटला, पण त्या आडाला आजही लोक सोनाबाईचा आड म्हणतात. एकदा देवळातले दिवे घासणाऱ्या हरिबाचं नाव आलं, तर तो म्हातारा त्या दिवसापासून ताठ चालायला लागला.

माझं नाव कधी आलं नव्हतं.

मी काही अपेक्षा ठेवून करायची असं नाही. नवरात्राच्या वाती मी वळायची, आणि काल्याच्या हंडीचं शिंकं दर वर्षी माझ्या हातचं असायचं. माझं माहेर गवळीवाड्याला लागून, शिंकं विणायला मी लहानपणी तिथल्या बायकांकडून शिकले होते. गावात ते दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. पण हंडी टांगली की लोक हंडीकडे बघतात. आणि दर काल्याला, बुवा नावाशी आले की मला पदर सावरून घ्यावासा वाटायचा, आणि मग कुणा दुसऱ्याचं नाव यायचं. मीही इतरांसारखी वळून बघायची. खोटं कशाला बोलू, हसून बघायची.

तर पाडव्याच्या कीर्तनात बुवा निष्काम भक्तीवर बोलत होते. बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "आज सकाळी खिडकीत बसलो होतो. मागच्या परसात एका माउलीनं झाडाला करवंटी टांगली आहे. पाखरं येतात, खातात, उडून जातात. ती बाई त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि आपण? देवापुढं दोन केळी ठेवतो आणि देव खातो की नाही ते दहादा वळून बघतो."

मंडप हसला. आमच्या शेजारच्या दोघीतिघींच्या माना बकुळावहिनींकडे वळल्या. त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या आणि त्यांना डुलकी लागली होती. कीर्तनात त्यांना नेहमीच डुलकी लागायची. आख्यान कुठलं चाललंय हे त्यांना शेवटपर्यंत कळत नसे. मी कोपरानं ढोसलं, तेव्हा प्रसाद आला असं वाटून त्यांनी ओंजळ पुढं केली.

तेवढ्यात मला समजलं, या वर्षीचं नाव कुणाचं ते.

नारळाच्या करवंटीला तीन भोकं पाडायची असली की खिळा चुलीत लाल करून टेकवतात. करवंटी चरचरते आणि धूर येतो. बकुळावहिनींनी त्यांची करवंटी तशीच केली होती, मी कुंपणातून बघितलं होतं. त्या संध्याकाळी घरी येताना माझ्या पोटात तसंच काहीसं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाखाचा दोर काढून बसले. करवंटी टांगायला काय लागतं? करायचंच तर पाखरांना शोभेल असं करावं, असं मी स्वतःला म्हटलं. चार दोऱ्यांचं शिंकं विणलं, खाली चुंबळ घातली, चुंबळीत मातीची रुंद परळ बसवली. परळीला बाहेरून गेरू दिला आणि चुन्यानं रामाची पावलं काढली. ऊन लागू नये म्हणून वर जुनं सूप उलटं बांधलं. आमच्या गाईच्या गळ्यातली पितळी घंटा माळ्यावर पडून होती, तीही चिंचेनं घासून खाली लटकवली. शेवग्याच्या फांदीला, बुवांच्या खिडकीच्या अगदी समोर, शिंकं टांगलं तेव्हा ते इतकं देखणं दिसत होतं की आमचे हे दाढी करता करता बाहेर आले. बराच वेळ बघून म्हणाले, "पालखी कधी निघायची?"

दाणे मात्र कुठले घालायचे, याचा मी विचार केला होता. बकुळावहिनी डब्यातले किडके तांदूळ, पोळीचा चुरा, काहीही टाकायच्या. मी देवळातून कुंकवाच्या अक्षता आणल्या. देवाच्या पायाला लागलेलं धान्य पाखरांच्या मुखी पडलं तर त्यांच्या जन्माचं सोनं होईल, अशी माझी समजूत. अक्षता घातल्या, धूप ओवाळला, कापूर लावला, घंटा वाजवली, हात जोडले आणि तुळशीमागं उभी राहून वाट बघायला लागले.

एक पाखरू आलं नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पलीकडं करवंटीवर चिमण्यांची भांडणं चालायची. साळुंक्या येऊन त्यांना हुसकायच्या, मग बुलबुलाची जोडी यायची. एकदा तर होला आला आणि त्याच्या वजनानं करवंटी कलंडून सगळे दाणे खाली सांडले, तरी तो खाली उतरून खात राहिला. बकुळावहिनी धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या शिंक्याखालची घंटा वाऱ्यानं किणकिणायची आणि जवळच्या फांदीवरची चिमणीही उडून जायची. मी रोज नव्या अक्षता घालायची, धूप थोडा वाढवायची. कीर्तनात ऐकलं होतं ना, पाखरांना माणसाचं अंतःकरण कळतं. मग त्यांना माझं काय कळलं होतं? बकुळावहिनींना धड आरतीही पाठ नाही, आणि त्यांच्याकडं रांग लागते.

आमचे हे म्हणाले, चिमण्या बहुतेक सोवळ्यात नसतील, म्हणून शिवत नाहीत. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

अशातच एका सकाळी बुवांनी वरून हाक मारली. मला आनंद झाला. शिंकं दिसलं असणार. त्यांनी विचारलंही, हे काय टांगलंय म्हणून, आणि छान आहे म्हणाले. वीण फार चांगली आहे म्हणाले. मग जरा पुढं झुकून, आवाज खाली करून त्यांनी विचारलं, "पलीकडच्या करवंटीवाल्या बाईंचं नाव काय हो?"

मी तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं, रिकामा तांब्या उपडा केला.

"बकुळा," मी म्हटलं.

"बकुळा," त्यांनी एकदा म्हणून बघितलं, जसं साकीचं चरण म्हणून बघतात तसं. "छान नाव आहे. चालीत बसेल."

मी घरात आले आणि डाळ निवडायला बसले. खडे कुठले आणि डाळ कुठली, मला दिसत नव्हतं.

त्यात आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. या वर्षी बुवा कीर्तनात मधेच थांबत. एखादं पद म्हणता म्हणता क्षणभर उपरण्याचा काठ चाचपत, पेटीवाल्याला सूर लांबवू देत, आणि बायकांच्या पहिल्या रांगेकडं बघत. नेमकं आमच्या बाजूला. मग पुढचं चरण उचलत. लोकांना वाटायचं, बुवा रंगले. मला आधी वाटलं माझ्याकडं बघतात, आणि मी आणखीच मन लावून ओठ हलवत म्हणायची. पण माझ्या शेजारीच बकुळावहिनी होत्या. त्यांच्याकडेच बघत असणार. त्या झोपलेल्या असायच्या तरी बघत असणार. देवाच्या दारी झोपूनही ज्याच्याकडं लक्ष जातं त्याचं पुण्य मोठं, असं माझं मन मला टोचून टोचून सांगत होतं.

सेतुबंधनाच्या आख्यानाच्या दिवशी मी ठरवलं, आज पुढं बसायचं नाही. कुणासाठी बसायचं? मी मागं, सभामंडपाच्या शेवटच्या खांबाआड जाऊन बसले. तिथून बुवा मला दिसत होते, त्यांना मी दिसत नव्हते. बकुळावहिनींनी माझी जागा रिकामी ठेवून तिच्यावर आपली पिशवी ठेवली होती, मी येईन म्हणून. त्यांच्या त्या चांगुलपणाचाही मला राग आला.

पूर्वरंग नीट झाला. बुक्का लागला, हार घातला गेला. उत्तररंगात सेतू बांधायला सुरुवात झाली, दगडावर राम लिहून दगड टाकले, ते तरंगायला लागले. बुवांनी आपली साकी उचलली. ती त्यांची फार गाजलेली रचना होती.

"दगडावरती दगड ठेविता, सागर मागे सरला,
ज्याचे त्याला ओझे कळले..."

आणि ते थांबले.

पेटीनं सूर धरला. बुवांनी ते चरण पुन्हा म्हटलं. "ज्याचे त्याला ओझे कळले..." तबलजीनं एक आवर्तन भरून काढलं. समोरच्या लोकांनी माना डोलावल्या. काय आळवतायत, असं माझ्या पुढची बाई तिच्या सुनेला म्हणाली. बुवांनी तिसऱ्यांदा म्हटलं. आता त्यांचा हात उपरण्याचा काठ शोधत होता आणि काठ सापडत नव्हता. त्यांचे डोळे पहिल्या रांगेवर गेले. तिथं बकुळावहिनी होत्या, मान टाकून गाढ झोपलेल्या. त्यांच्यावर ते डोळे पळभरही थांबले नाहीत. त्यांच्या शेजारच्या पिशवीवर थांबले.

माझ्या रिकाम्या जागेवर.

हे कधीपासून चाललंय, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. एवढंच दिसलं की देवळाच्या समितीची माणसं समोर सतरंजीवर बसलीत, त्यातल्या एकानं दुसऱ्याकडं बघून भुवई उडवलीय, आणि बुवांच्या कपाळावर घाम आलाय. पुढचं चरण माझ्या ओठांवर होतं. इथं, खांबाआड, कुणालाही न दिसणारं.

मी उठले. बायकांच्या मांड्यांवरून, पदरांवरून, कुणाच्या झोपलेल्या पोरावरून पाय टाकत पुढं गेले. लोक चिडले, एकीनं माझ्या लुगड्याला धरून खाली बसवायला बघितलं. मी बकुळावहिनींची पिशवी उचलली, जागेवर बसले आणि बुवांकडं तोंड वर केलं.

हलका होउनि तरला.

बुवांनी ते माझ्या ओठांवरून उचललं आणि असं काही म्हटलं की मंडपातून "वा" आली. झांज वाजली. ते त्या एका ओळीवर पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि सेतू पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात गेले तेव्हा ते खिडकीत होते. चहाचा पेला हातात तसाच होता. मी हात जोडले. ते म्हणाले,

"काल जागा बदलली होती तुम्ही."

"हो."

"बदलू नका." आणि मग पलीकडं, रिकाम्या करवंटीकडं बघत, "आता पूर्वीसारखं राहत नाही डोक्यात. समितीच्या मंडळींना कळलं तर पुढल्या वर्षी दुसरे बुवा येतील."

मी म्हटलं, मी कुणाला सांगणार नाही. ते म्हणाले, सांगायचं नाही म्हणून तर गेली काही वर्षं तुमचं नाव कुठं घेता येत नाही. तुम्हाला दाखवलं की लोक तुमच्या ओठांकडं बघायला लागतील, आणि बघायला लागले की कळेल. एवढं बोलून त्यांनी खिडकी लोटून घेतली. मी तिथंच उभी राहिले. नाव न येण्याला असंही एक कारण असू शकतं, हे मला सुचलंच नव्हतं. आणि सुचल्यावरही पोटातली ती धग विझली म्हणावी, तर तसं झालं नाही. कारण काल्याला नाव तर घ्यायचंच होतं, आणि ते कुणाचं ते मला ठाऊक होतं.

रामजन्म झाला, सुंठवडा वाटला. मग हंडीचं शिंकं विणायची घाई. या वर्षी मी ते मोठं केलं, आठ दोऱ्यांचं, प्रत्येक पेराला दुहेरी गाठ. त्या नादात परसातल्या शिंक्याकडं जायचं राहूनच गेलं. धूप नाही, कापूर नाही. काल्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बकुळावहिनी कुंपणाशी आल्या होत्या, हळूच म्हणाल्या होत्या, "रागावणार नसाल तर एक सांगू? ती घंटा काढा. कुंकवाचे दाणे पाखरं खात नाहीत. राळे घाला मूठभर आणि आत निघून जा." मी रागावले होते. पण नंतर घंटा काढली, राळे घातले आणि शिंकं विणायला आत निघून गेले.

काल्याच्या सकाळी पाणी घालायला गेले तर माझ्या परळीत मनोल्या बसल्या होत्या. ठिपक्याठिपक्यांच्या पोटाच्या, इवल्याशा, पाच-सहा असतील. राळे फोडत होत्या आणि टरफलं रामाच्या पावलांवर उडवत होत्या. मी वर बघितलं. खिडकी बंद होती. बुवा केव्हाच तयारीला खाली गेले होते. मी कुणाला हाक मारली नाही. पाणीही न घालता, पावलांचा आवाज न करता, मागच्या मागं घरात आले.

काल्याला मंडप खचाखच भरला होता. हंडी माझ्या शिंक्यात, मधल्या तुळईला. मी माझ्या जागेवर, बकुळावहिनी शेजारी. त्यांनी पिशवीतून मला एक पेरू काढून दिला आणि पूर्वरंगातच डोळे मिटले.

बुवा त्या दिवशी फार सुरेख गायले. दोनदा अडकले, दोनदा मी होते. उत्तररंग संपत आला, गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र झाल्या, कुणाची भाकरी, कुणाचं लोणचं, सगळ्यांचा एक काला. आणि मग बुवांनी विणेकऱ्याला हातानं थांबवलं. मंडप सावरून बसला. नावाची वेळ झाली होती.

"या देवळामागं," बुवा म्हणाले, "एका माउलीनं एक करवंटी टांगली आहे. तिच्या घरी काय उरलं, काय नाही, ते ती पाखरांपुढं टाकते. ती ओवाळत नाही, ती मोजत नाही, ती वाट बघत नाही. त्या काल्यात आणि या काल्यात मला फरक दिसत नाही. त्या माउलीचं नाव..."

त्यांचा हात उपरण्याच्या काठाशी गेला.

पेटीनं सूर धरला. बुवांनी माझ्याकडं बघितलं.

त्या क्षणी मंडपात किती माणसं होती, पण त्यांचे डोळे फक्त माझ्यावर होते, आणि ते रिकामे होते. माझ्या ओठांवर जे येईल ते ते उचलणार होते. जे उचलतील ते गाव ऐकणार होतं, आणि जे गाव ऐकेल ते माणसाला मरेपर्यंत चिकटणार होतं. कोण विचारायला येणार होतं, करवंटी होती की शिंकं होतं? परसं दोन्ही देवळामागंच होती. आणि पाखरं तर आज माझ्याकडंही आली होती.

द्वारका म्हणायचं तर ओठांचा चंबू करावा लागतो. बकुळा म्हणायचं तर आधी ओठ मिटावे लागतात.

सूर लांबत होता. समितीतला तो माणूस पुन्हा वळला. बुवांच्या गळ्याची शीर हलली. रामराया समोर होता, आणि त्याच्याकडं बघायचं मला धैर्य झालं नाही. मी बुवांकडंच बघत राहिले.

मी ओठ मिटले. मग उघडले, सावकाश, एकेक अक्षर सुटं.

"बकुळा!" बुवांनी म्हटलं आणि झांज वाजवली. बरोबर चालीत बसलं ते नाव, त्यांनी म्हटलं होतं तसं. सगळा मंडप वळला. लोक हात जोडत होते, कुणी टाळ्या वाजवत होतं. मुलांचा मनोरा चढला, हंडी फुटली, दही-पोहे सगळ्यांच्या डोक्यावर आले. गाठ एकही सुटली नाही. रिकामं शिंकं वर झुलत राहिलं.

बकुळावहिनी दचकून जाग्या झाल्या. त्यांच्या कपाळावर दह्याचा थेंब पडला होता. सगळे आपल्याकडं का बघतायत ते त्यांना कळेना. त्यांनी माझा दंड धरला.

"काय झालं हो?"

"बुवांनी तुमचं नाव घेतलं."

"माझं? कशाला?"

"करवंटीसाठी."

मग पदरानं कपाळ पुसत, माझ्या कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "पण त्यांना माझं नाव कसं ठाऊक?"

"कुणीतरी सांगितलं असेल," मी म्हटलं.